पुसली जाणारी पाने

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्यांची गाणी वेळीच टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली ती छापली गेली. नोंद ठेवणारा हात नसता, तर खानदेशाचे हे धन शेताच्या बांधावरच विरून गेले असते.

१९९० साली जळगावात स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचेच नाव आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत आता गुण, हजेरी, फी, ई-मेल सारे संगणकात असते. गुणांवरून विद्यार्थी किंवा नोकरीवरून शिक्षक कोर्टात गेला, तर त्याचा पुरावा कुठे असतो? ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याच कपाटात! पूर्वी रजिस्टरचे पान फाडले तर फाटकी कड तरी दिसे. संगणकातले पान पुसल्यावर सामान्य माणसाने काय दाखवावे?

कायदा त्याच्या बाजूने नाही, असे नाही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थींचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला. पण ती जपून ठेवण्याची मुदत असेपर्यंतच. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात चित्रफिती मिळाल्या, मात्र अधिकाऱ्यांनी त्यांचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही दिले नाही. असे प्रमाणपत्र आवश्यकच, पण ते अडवले गेले तर न्यायालयाकडे दाद मागता येते, असे २०२० साली निकालात सांगितले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही अशा प्रमाणपत्राची तरतूद आहे.

परंतु मुळात नोंदच उरली नाही, तर प्रमाणपत्र कशाचे द्यायचे? कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. खंडपीठाची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही.

महाविद्यालये म्हणतील, कारकून दोन अन् कामे बावीस. खरे आहे. पण यासाठी मोठा खर्च नको. नोटीस आली त्याच दिवशी प्राचार्यांनी एक लेखी आदेश काढावा : या प्रकरणातले काहीही पुसू नये. नोंदी कुठे आहेत याची यादी करावी, एका माणसावर जबाबदारी टाकावी आणि इतर विद्यार्थ्यांची खासगी माहिती झाकून मागितले तेवढेच द्यावे.

यात संस्थेचेही हित आहे. खोटा आरोप झाला, तर तीच नोंद प्राचार्यांची आणि कारकुनाची ढाल होते. चोपडा-शिरपूरकडचा शेतकरी बाप पोरासाठी कोर्टाची पायरी चढतो, तेव्हा त्याला निदान खरे काय घडले ते कळावे. ज्ञान देणाऱ्या संस्थेने एवढे तरी लपवू नये.