रॉबिन हूडचा साहेब

शनिवारी रात्री 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' पुन्हा पाहिला. १९३८ चा, एरॉल फ्लिनवाला. कितव्यांदा ते विचारू नका. हिरव्या तंग विजारीतला तो माणूस मेलेलं हरीण खांद्यावर टाकून सरळ शत्रूच्या मेजवानीत घुसतो, ते प्रिन्स जॉनच्या पुढ्यात टेबलावर आदळतो आणि मग त्याच्याच पंगतीला बसून, जेवता जेवता, त्यालाच चार शब्द सुनावतो. हा प्रसंग पाहून ज्याला शिट्टी मारावीशी वाटत नाही त्याचं आणि माझं जमणं कठीण आहे.

तेव्हा आधीच स्पष्ट करतो, हा लेख सिनेमाला नावं ठेवायला लिहिलेला नाही. तो टेक्निकलर, ते संगीत, खांबावर सावल्या पडतात ती शेवटची तलवारबाजी, सगळं मान्य. बेसिल रॅथबोन खरोखर उत्तम तलवार चालवायचा आणि तरी दर वेळी पडद्यावर त्यालाच मरावं लागायचं याचं मला अजून वाईट वाटतं. (आणि हो, मॅरियनच्या बुडाखालचा तो देखणा घोडा म्हणजेच पुढे रॉय रॉजर्सचा 'ट्रिगर' म्हणून जगप्रसिद्ध झाला तो. आता क्विझमध्ये वापरा.) माझं भांडण आहे ते शेवटच्या वीसेक मिनिटांशी. आणि त्याहून जास्त, ती वीस मिनिटं न बघताच रॉबिन हूडवर वाद घालणाऱ्या लोकांशी.

हे लोक दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर प्रत्येक मजल्यावर एक तरी होता. सेकंड इयरला कोणीतरी आयन रँडचं 'ॲटलास श्रग्ड' हातात देतं आणि पुढची दोन वर्षं मेसचं बिल वाटून घेण्यालाही हा माणूस 'लूट' म्हणतो. १९५७ च्या त्या कादंबरीत रॅग्नर डॅनस्क्योल्ड नावाचा एक चाचा आहे, त्याला जगातून रॉबिन हूडची आठवणच पुसून टाकायची असते. का, तर श्रीमंताकडून काढून गरिबाला देणं हे त्याच्या मते सगळ्या पापांचं मूळ. आमच्या लंचच्या टेबलावरही परवा एकाने हेच ऐकवलं. रॉबिन हूड म्हणजे पहिला कम्युनिस्ट म्हणे.

हा शोध नवीन नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पाठ्यपुस्तक समितीतल्या एका बाईंनी रॉबिन हूडमुळे कम्युनिझमचा प्रचार होतो, तो शाळेच्या पुस्तकांतून काढा, अशी मागणी केली होती. त्यावर १९५४ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या काही पोरांनी कोंबडीची पिसं हिरवी रंगवून कॅम्पसभर वाटली. मला ही पोरं फार आवडतात. हा झाला दुसरा प्रकार, ज्यांना रॉबिन हूड आपला वाटतो. पुढे १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबिन हूडची टीव्ही मालिका सुरू झाली, तिचे कितीतरी भाग हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलेल्या डाव्या लेखकांनी टोपणनावाने लिहिले. म्हणजे त्या बाईंना वास अगदीच चुकीचा आला होता असंही नाही.

पण १९३८ चा सिनेमा घ्या आणि एकच साधा प्रश्न विचारा. लुटलेला पैसा जातो कुठे?

गाय ऑफ गिझबर्न करातून गोळा केलेला खजिना घेऊन शेरवुडमधून चाललेला असतो. रॉबिनची माणसं झाडांवरून वेलींना लटकत खाली येतात, सगळे कैद. मग रॉबिन आपल्या लोकांना विचारतो की याचं काय करायचं, आपल्यात वाटून घ्यायचं का? आणि ते उपाशी, उघडेनागडे, हद्दपार लोक एका सुरात ओरडतात की हा पैसा राजा रिचर्डच्या खंडणीसाठी ठेवायचा! कम्युनिस्ट? अहो, हा तर टॅक्स वसुलीचा दुसरा काउंटर झाला. आधी शेरीफने घेतलं ते राजाच्या नावाने, आता रॉबिन घेतो तेही राजासाठीच. फरक एवढाच, की रॉबिन प्रामाणिक आहे आणि तो ते वर खरंच पोचवेल.

गरिबांना खाऊ घालतो, हे खरं. मॅरियनला तो जंगलातले निर्वासित दाखवतो तो प्रसंग सुंदरच आहे. पण सिनेमाची तक्रार राज्याबद्दल नाही, राज्य चालवणाऱ्या मधल्या लोकांबद्दल आहे. जॉन वाईट, गिझबर्न वाईट, शेरीफ वाईट आणि वर मूर्ख, बिशप लाचार. राजा मात्र चांगला, फक्त तो बाहेरगावी आहे. विठ्ठल बरा पण बडवे वाईट, असं आपल्याकडे म्हणतात ना, अगदी तेच.

आणि गंमत म्हणजे खरा प्रश्न सिनेमाने स्वतःच विचारलाय. रिचर्ड वेषांतर करून परत येतो आणि जंगलात रॉबिनला भेटतो. रॉबिनला तो कोण हे माहीत नाही. बोलता बोलता रॉबिन त्या अनोळखी माणसाला स्पष्ट सांगतो की या सगळ्याचा दोष राजाचाच आहे, त्याचं काम इथे आपल्या लोकांचं रक्षण करायचं होतं, तो त्यांना सोडून परमुलखात लढायला गेला. समोरचा विचारतो, म्हणजे तू पवित्र धर्मयुद्धाची निंदा करतोस? रॉबिन म्हणतो, देश सांभाळायचं काम माझ्यासारख्या बंडखोरांवर टाकणाऱ्या कशाचीही करेन. अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात धीट वाक्य हे आहे. मेजवानीत शत्रूला सुनावणं सोपं असतं हो. हे अवघड.

पुढे काय होतं? थोड्या वेळाने तो माणूस वरचा झगा बाजूला करतो, खाली राजाचं चिन्ह दिसतं, आणि रॉबिनसकट सगळं शेरवुड गुडघ्यावर येतं. संपलं. तो प्रश्न परत कोणी विचारत नाही. राजाही उत्तर देत नाही. शेवटी रॉबिनला उमराव करतात, मॅरियनशी लग्न करायचा हुकूम देतात, साथीदारांना माफी देतात. म्हणजे प्रमोशन, पॅकेज आणि टीमला क्लीन चिट. मी दर वेळी इथे पॉज करतो आणि चिडतो.

'सिनेमा आहे रे, इतिहास नाही', हे उत्तर मला नेहमी मिळतं. ठीक आहे, मग इतिहास काय तेही बघू, कारण तो सिनेमापेक्षा जास्त खमंग आहे. रिचर्डने ११८९ ते ११९९ राज्य केलं. त्यातला इंग्लंडमध्ये घालवलेला काळ सगळा मिळून जेमतेम सहा महिने. धर्मयुद्धाला पैसा हवा म्हणून त्याने ११८९ मध्ये सरकारी पदं विकली, त्यात शेरीफची पदंही होती. आणि नॉटिंगहॅमचा मुलूख जॉनला दिला कोणी? याच दादाने, त्याच वर्षी. म्हणजे ज्या व्यवस्थेविरुद्ध रॉबिन लढतोय ती लावून देऊन साहेब ऑनसाइट गेले होते.

परतताना डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ तो पकडला गेला. खंडणी ठरली दीड लाख मार्क. ती भरायला लोकांच्या उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा कर म्हणून मागितला गेला, चर्चमधली चांदीची भांडीसुद्धा सुटली नाहीत. सिनेमात जॉन खंडणीच्या नावाखाली लोकांना पिळतो. प्रत्यक्षात पिळवणूक झाली ती खरोखरच खंडणीसाठी. (जॉन साधू होता असं मी म्हणत नाहीये. भाऊ आणखी काही महिने आतच राहावा म्हणून त्याने फ्रान्सच्या राजाबरोबर सम्राटाला पैसे देऊ केले होते. घराणंच तसं.) ११९४ मध्ये रिचर्ड आला, नॉटिंगहॅमचा किल्ला जिंकला, शेरवुडचं जंगल पाहून खूश झाला, बरीचशी पदं पुन्हा विकायला काढली आणि दोन-तीन महिन्यांत परत गेला तो कायमचा. जॉनला त्याने माफही करून टाकलं.

आता सिनेमाची सुरुवात आठवा. राजाचं हरीण मारलं म्हणून मच नावाच्या बिचाऱ्याला गिझबर्न मारायला निघालेला असतो आणि आपण पहिल्या पाच मिनिटांत नॉर्मन लोकांचा द्वेष करायला लागतो. खुद्द रिचर्डच्या ११९८ च्या जंगल कायद्यात हरीण मारणाऱ्याला काय शिक्षा होती? डोळे काढणं आणि अंडकोष कापणं. ज्या राजासाठी बिचारा मच जिवावर उदार होतो, तो राजा हा. या शिक्षा गेल्या १२१७ च्या जंगलाच्या सनदेने. त्याआधी दोन वर्षं मॅग्ना कार्टा आला होता, तो तर ज्याला आपण खलनायक म्हणतो त्या जॉनच्या काळात. चांगला राजा परत येईल म्हणून सरदार वाट बघत बसले नाहीत, त्यांनी वाईट राजाला रनिमीडच्या कुरणावर गाठून कागदावर आणलं. अर्थात तेही काही गरिबांचे कैवारी नव्हते, पण कागद झाला.

मी एवढा का तापलोय याचं कारण सांगून टाकतो. मागच्या कंपनीत एका शुक्रवारी दुपारी आमच्या प्रोजेक्टमधल्या लोकांना एकेक करून मीटिंग रूममध्ये बोलावलं गेलं. संध्याकाळी टपरीवर आम्ही बावीस-तेवीस जण, त्यातल्या नऊ जणांच्या हातात पाकीट. सगळ्यांनी मिळून मॅनेजरचा उद्धार केला. मग एक जण अगदी मनापासून म्हणाला, "सीईओला हे माहीतच नसणार रे, त्याला डायरेक्ट मेल टाकू." सगळ्यांना पटलं. ती मेल मी लिहिली. इंग्रजी माझं बरं म्हणून. 'आपल्यापर्यंत हे पोचलं नसावं' अशी सुरुवात होती. उत्तर म्हणून एक छापील आभार आले. पुढच्या तिमाहीच्या टाउनहॉलमध्ये तोच सीईओ हसतमुखाने सांगत होता की माणसं कमी करण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता आणि सगळं योजनेप्रमाणे पार पडलं. मॅनेजरला नुसती नावांची यादी आली होती. आम्ही तीन महिने साप म्हणून भुई धोपटत होतो.

तेव्हा 'निरागस करमणूक' वगैरे मला सांगू नका. ती करमणूक माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेली होती आणि तिनेच ती मेल लिहिली.

एका गोष्टीपुढे मात्र मी थोडा गप्प होतो. या सिनेमाचं संगीत एरिक कॉर्नगोल्डचं. हा व्हिएन्नाचा ज्यू संगीतकार. १९३८ च्या सुरुवातीला वॉर्नर ब्रदर्सच्या बोलावण्यावरून तो हॉलिवूडला आला आणि मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. या सिनेमाने माझा जीव वाचवला असं तो पुढे सांगायचा. त्या वर्षी ते शिपाई झोपड्या जाळताना बघणाऱ्यांना कुठला देश आठवत असेल, आणि कोणीतरी चांगला परत येईल ही आशा काय वाटत असेल, हे मी एसीत बसून ठरवू शकत नाही. ठीक. पण मग १९३८ मध्ये तर तो प्रश्न आणखीच महत्त्वाचा होता. ज्यांनी रोखायचं ते होते कुठे? रॉबिनने तोंडावर विचारलं होतं, लेखकांनी त्याला गुडघ्यावर बसवलं.

(रिडली स्कॉटने २०१० मध्ये रिचर्डला सुरुवातीलाच मारून हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. पण त्याच्याबरोबर सगळी मजाही मेली. दोन तास चिखल.)

आणि मूळ गोष्टीत असं गुडघे टेकून संपत नाही बरं का. सॅक्सन विरुद्ध नॉर्मन हा सगळा मसाला वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' नंतरचा. रॉबिनला उमराव केलं ते १५९८ च्या सुमाराच्या नाटकांनी. त्याही आधीचं, १५०० च्या आसपास छापलेलं 'गेस्ट ऑफ रॉबिन हूड' नावाचं लांबलचक काव्य आहे. त्यात रॉबिन साधा माणूस आहे, मॅरियन नाहीच आणि राजाचं नाव एडवर्ड. तिथेही राजा वेष बदलून जंगलात येतो, तिथेही सगळे गुडघ्यावर येतात, राजा माफ करतो आणि रॉबिनला दरबारात नोकरी देतो. सिनेमा इथे संपला असता. काव्य पुढे जातं. पंधरा महिन्यांत रॉबिनचे सगळे पैसे संपतात, साथीदार एकेक करून सोडून जातात, दोघे उरतात. एक दिवस तो काही पोरांना बाण मारताना बघतो आणि त्याला जंगलाची आठवण येते. मग तो राजाकडे जाऊन रजा मागतो. बार्न्सडेलला आपलं एक छोटं देऊळ आहे, तिथे जाऊन यायचंय म्हणून. राजा सात दिवसांची रजा मंजूर करतो.

रॉबिन जंगलात जातो आणि बावीस वर्षं परत येत नाही.