निर्विचिकित्सा अंग आणि आपल्या घरातली मुलं



सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपल्यापैकी बहुतेकींना पाठ आहेत. त्यातलं तिसरं निर्विचिकित्सा, म्हणजे शरीर पाहून किळस न करणं. रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी त्यासाठी उद्दायन राजाचं नाव घेतलं आहे. रोगानं शरीर बिघडलेल्या मुनींना राजानं आहार दिला, त्यांना उलटी झाली तरी तोंड फिरवलं नाही. ही कथा आपण हात जोडून ऐकतो. आणि मंदिरातून बाहेर पडताना एखाद्या मुलीच्या हातावर पांढरा डाग दिसला, की तिच्यादेखतच विचारतो, "कोड आहे का गं? पुढं लग्नाचं कसं व्हायचं?"

माझ्या नातीला सातव्या वर्षी गुडघ्यावर आणि ओठाच्या कडेला डाग आले. आता ती अकरा वर्षांची आहे. माझं स्पष्ट मत झालं आहे, की औषध डॉक्टर देतील, पण त्या डागांसह मुलाला ताठ मानेनं वावरायला शिकवणं हे घरच्यांचं काम आहे. ते डाग जायची वाट पाहत थांबू शकत नाही.

आधी माहिती नीट घेऊ. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते, म्हणून डाग पडतात. जगात शंभरात साधारण एकाला ते असतात. ते शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाहीत. श्वेतकुष्ठ या जुन्या नावामुळे घोटाळा होतो, पण कुष्ठरोगाशी याचा काही संबंध नाही. दही, लिंबू, चिंच बंद करून डाग थांबतात यालाही आधार नाही. वाढत्या मुलाचं ताट उगीच रिकामं करू नका.

आता कर्माचं. "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार" असं मुलासमोर बोलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कर्मसिद्धांत मीही मानते. पण मी कॉमर्सची विद्यार्थिनी. व्हाउचर हातात नसताना नोंद करायची नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. कोणाच्या कोणत्या कर्माचा उदय, हे केवलज्ञानी जाणतात. दुसऱ्याच्या वहीत आपण पापाची रक्कम लिहिणारे कोण? लेकराला असं बोलणं ही वचनाची हिंसाच आहे.

दुसरा सल्ला गंधोदकाचा. मैनासुंदरीच्या श्रीपालाचा रोग गेला, तसा हिचाही जाईल म्हणतात. गंधोदक श्रद्धेनं मस्तकी जरूर लावावं. पण डाग राहिले तर "तुझी श्रद्धा कमी पडली" हा भार मुलावर नको. आणि श्रीपाल बरा होण्याआधीच मैनानं त्याला आपलं मानलं होतं, हे आपण सोयीनं विसरतो.

घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. मलम आणि प्रकाशोपचार महिनोन् महिने चालतात. चेहऱ्यावर रंग लवकर परततो, बोटांच्या टोकांवर कमी. म्हणून रोज सकाळी डाग मोजत बसू नका. घासल्यानं, खरचटल्यानं नवे डाग येऊ शकतात, तेव्हा कमरेला घट्ट इलॅस्टिक आणि चावणारी चप्पल नको. डागांची कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून सनस्क्रीन लावा. लांब बाह्या उन्हासाठी घालायला सांगा, लोकांसाठी नाही. हा फरक मुलांना बरोबर कळतो.

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षिकेला आधीच भेटा. मुलाला एक सोपं वाक्य तयार करून द्या. आमची सांगते, "हे पांढरे डाग आहेत. दुखत नाहीत, कुणाला लागत नाहीत. चल, खेळूया." आणि फोटो काढताना तिला मागच्या रांगेत उभं करू नका.

पुण्यात श्वेता असोसिएशन ही संस्था अशाच लोकांसाठी काम करते. 2006 साली आलेला 'नितळ' हा मराठी चित्रपटही याच विषयावर आहे. मुलं जरा मोठी असतील तर सोबत बसून जरूर पाहा.

पर्युषणात आपण उपवास करतो, रस सोडतो. यंदा आणखी एक नियम घेऊ या. कोणत्याही मुलाच्या त्वचेकडे बोट दाखवून प्रश्न विचारायचा नाही. त्याचं नाव विचारायचं, शाळा विचारायची. उद्दायन राजाएवढं नाही जमलं, तरी एवढं आपल्याला जमेल.

जय जिनेंद्र!