कोड एआय लिहील, पण जबाबदारी कोण घेणार?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी पुढे काय करणार? गेली काही वर्षं या चर्चेत एक उत्तर हमखास ऐकू येतं. "अब्बा, मी फुल स्टॅकचा कोर्स करतो. सहा महिन्यांत वेबसाइट, अ‍ॅप बनवायला येतं आणि लगेच नोकरी लागते." मग कुणी रिक्षाच्या कमाईतून, कुणी आखातात असलेल्या मोठ्या भावाच्या पैशांतून, तर कुणी अम्मीचे दागिने गहाण ठेवून फी भरतो. आम्हाला वाटतं, आता फी भरण्याआधी जरा थांबून विचार करायला हवा. कारण हे कामच झपाट्यानं बदलत आहे.

नेमकं काय बदललं?

फेब्रुवारी 2025 मध्ये आंद्रेई कार्पाथी या नामवंत एआय संशोधकाने 'वाइब कोडिंग' हा शब्द वापरला. अर्थ सोपा आहे. काय हवं ते आपण साध्या भाषेत एआयला सांगायचं, कोड त्याने लिहायचा आणि तो न वाचताच आपण पुढे जायचं. हा शब्द इतका पसरला की कॉलिन्स शब्दकोशाने त्याला 2025 चा 'वर्षाचा शब्द' ठरवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी सांगितलं, की त्यांच्या कंपनीतला 20 ते 30 टक्के कोड आता सॉफ्टवेअरच लिहितं.

लॉगिनचं पान, नोंदणीचा फॉर्म, यादी दाखवणारा तक्ता अशी कामं पूर्वी नवशिक्या मुलांना मिळायची. ती करता करता मुलं शिकायची. तीच कामं आता एआय काही मिनिटांत करून देतो. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार, म्हणजे 2 टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. याचं कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणं हे आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला होता. म्हणजे अनुभव असला तरी कौशल्य जुनं होऊन चालत नाही.

मग शिकायचंच नाही का?

असं अजिबात नाही. 'रेप्लिट' ही एआयच्या मदतीने अ‍ॅप बनवून देणारी कंपनी आहे. तिचे प्रमुख अमजद मसाद जॉर्डनमधल्या अम्मान शहरात वाढले आणि अमेरिकेत जाऊन त्यांनी ही कंपनी उभी केली. जुलै 2025 मध्ये याच कंपनीच्या एआयने जेसन लेमकिन या गुंतवणूकदाराचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कोणताही बदल करू नको, असं स्पष्ट बजावलेलं असतानाही! त्यात बाराशेहून अधिक कंपनी अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर त्याने माहिती परत मिळणार नाही असंही सांगितलं, जे चुकीचं निघालं. मसाद यांनी हा प्रकार मान्य करून सुधारणा जाहीर केल्या.

स्टॅक ओव्हरफ्लोच्या 2025 च्या सर्वेक्षणातही हेच चित्र दिसतं. 84 टक्के डेव्हलपर एआय वापरतात किंवा वापरणार आहेत. मात्र 46 टक्क्यांचा त्याच्या उत्तरांच्या अचूकतेवर भरवसा नाही. कोड मिळणं सोपं झालं आहे. तो बरोबर आहे का, हे ओळखणारा माणूस मात्र अजूनही लागतोच.

डिसेंबर 2025 चं उदाहरण घ्या. वेब अ‍ॅपसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'रिअ‍ॅक्ट' या साधनाच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागात मोठी चूक सापडली. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला 10 पैकी 10 गुण मिळाले. लॉगिन न करताही हल्लेखोर दुसऱ्याच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. आपल्या अ‍ॅपमध्ये रिअ‍ॅक्टची कोणती आवृत्ती आहे, हे ज्याला माहीत होतं त्याने लगेच दुरुस्ती केली. ज्याने न वाचता अ‍ॅप बनवलं, त्याला हा प्रश्न आपला आहे हेसुद्धा कळलं नसेल.

हा प्रश्न आपल्याही घरापर्यंत येतो

आज जमातीची वेबसाइट, मदरशाचा प्रवेश फॉर्म, कुर्बानीची नोंदणी, रिश्त्यांचे बायोडाटा हे सगळं ऑनलाइन येत आहे. मोहल्ल्यातला एखादा हुशार मुलगा दोन दिवसांत अ‍ॅप बनवून देतो आणि आपण शाबासकी देतो. पण त्यात आपल्या मुलींचे फोटो, पत्ते, आधार क्रमांक असतात. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या 'ओवास्प' संस्थेच्या 2021 च्या यादीत पहिला धोका होता, ज्याला जे पाहण्याचा हक्क नाही ते त्याला दिसणं. लिंकमधला 25 हा आकडा बदलून 26 केला आणि दुसऱ्याच घरचा फॉर्म उघडला, असा हा प्रकार. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती ही अमानत आहे. कायदाही आता कडक होतोय. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सुरक्षित न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पालकांनी काय विचारावं?

क्लासमध्ये जाऊन चार प्रश्न विचारा. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि डेटाबेसचा पाया किती आठवडे शिकवता? सुरक्षा शिकवता का? एआयने लिहिलेला कोड वाचून त्यातल्या चुका शोधायचा सराव घेता का? आधीच्या विद्यार्थ्यांशी आम्हाला बोलता येईल का? "शंभर टक्के नोकरी" एवढंच उत्तर मिळालं, तर दागिने घरीच राहू द्या.

पाया तर फुकटातही शिकता येतो. फ्रीकोडकॅम्प आणि सरकारचं स्वयम पोर्टल यांवर अभ्यासक्रम आहेत. मुलाला तीन महिने तिथे शिकू द्या, आवड किती आहे ते कळेल. नंतर जमातीची वेबसाइट त्याच्याकडेच सोपवा, पण एका अटीवर. प्रत्येक फॉर्ममधली माहिती कुठे साठते आणि ती कोण पाहू शकतं, हे त्याने सगळ्यांसमोर समजावून सांगायचं. ज्याला हे सांगता येईल, त्याला एआय आल्याने काम कमी पडेल असं आम्हाला वाटत नाही.