आकाशातला माणूस परीक्षेला बसतो

निगडीला राहणाऱ्या माणसाला फौजेची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. एका अंगाला देहूरोडची छावणी, दुसऱ्या अंगाला दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि डोक्यावरून अधूनमधून लोहगावची विमाने आमचे बोलणे मध्येच तोडून जातात. त्यामुळे दिवाळीच्या फराळाला एखादा फौजी पाहुणा घरी असला, तर शेजारीपाजारी त्याचे नवल करीत नाहीत. 2018 च्या दिवाळीतल्या पाहुण्याचे मात्र साऱ्या गल्लीने नवल केले. कारण तो चकल्यांच्या ताटाशेजारी पुस्तक उघडून परीक्षेचा अभ्यास करीत बसला होता, आणि त्याचे वय होते 43!

हा पाहुणा म्हणजे माझा भाचा. वायुदलातून विंग कमांडर म्हणून नुकताच बाहेर पडलेला. वीस वर्षांची नोकरी भरली, निवृत्तिवेतन पक्के झाले, आणि आता मुलकी विमाने चालवायची असे त्याने ठरवले. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, यात परीक्षेचा संबंधच कळेना.

"अरे, वीस वर्षं विमानच चालवलंस ना? एस.टी.चा ड्रायव्हर खासगी बसवर गेला, तर त्याला कोणी पुन्हा शाळेत घालतं का?"

"आई, त्या ड्रायव्हरकडे आर.टी.ओ.चा परवाना असतो," भाचा हसत म्हणाला. "माझ्याकडे मुलकी परवाना कधी नव्हताच."

ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. फौजेतल्या वैमानिकाला विमान उडवण्याचा अधिकार त्याचे दल देते, आणि गणवेश खुंटीला लागला की तो अधिकारही खुंटीला लागतो. प्रवाशांचे विमान चालवायचे, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना हवा. साध्या व्यावसायिक परवान्याला किमान 200 तासांचे उड्डाण लागते, आणि पुढे मोठ्या विमानाचा कॅप्टन व्हायचे तर वरच्या परवान्याला 1500 तास. भाच्याच्या वह्यांत चार हजारांवर तास नोंदलेले होते. अँटोनॉव्ह-32 हे मालवाहू विमान घेऊन तो लेहला गेला होता, अरुणाचलातल्या मेचुकाला डोंगरांच्या कुशीत उतरला होता. तेव्हा दोनशेच्या जागी चार हजार दाखवले की काम झाले, अशी ताईची समजूत.

पण तास मोजण्याची रीतही घराघराची निराळी असते. मुलकी नियमात विमान उड्डाणासाठी जागचे हलले, की घड्याळ सुरू होते. ते उतरून जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ धरतात. फौजेची वही फौजेच्या रीतीने लिहिलेली. शिवाय कोणत्या विमानाचे तास, हेही पाहतात. मालवाहू विमानवाल्याचे तास भराभर साठतात. लढाऊ विमानाची फेरी बहुधा तासाभरात आटोपते, म्हणून तितकीच नोकरी झालेल्या लढाऊ वैमानिकाची वही पातळ. हेलिकॉप्टरवाल्याची अडचण आणखीच वेगळी. हेलिकॉप्टरचा परवाना निराळा आणि विमानाचा निराळा. उभा जन्म हवेत काढलेल्या माणसाला विमानाच्या परवान्यासाठी एखाद्या फ्लाइंग क्लबात विशीतल्या पोरांच्या रांगेत उभे राहण्याची पाळी येते.

नियम अगदीच कोरडा आहे, असे मात्र नव्हे. 1937 च्या विमान नियमांत फौजेतल्या वैमानिकासाठी एक खिडकी ठेवलेली आहे. अनुभव, कौशल्य आणि प्रकृती यांचा समाधानकारक पुरावा दिला, तर चाचण्या-परीक्षांतून त्याला सूट मिळू शकते. आता 'मिळू शकते' आणि 'मिळते' यांतले अंतर वाचकांना मी काय सांगावे! भाच्याने सुटीची वाट पाहिली नाही. त्याने पुस्तके आणली. हवाई कायदा, मार्गनिर्देशन, हवामान, विमानाची तांत्रिक माहिती. आणि उत्तीर्ण व्हायला शंभरांत सत्तर गुण! माझा नातू त्याला प्रश्न विचारी आणि उत्तर चुकले की टाळ्या पिटी. ढगांच्या पोटातून वीस वर्षे गेलेला माणूस ढगांच्या पेपराला घाबरलेला मी डोळ्यांनी पाहिला.

गमती आणखीही होत्या. मुलकी वैमानिकांची पहिली वैद्यकीय तपासणी वर्षानुवर्षे वायुदलाच्याच बंगळूर-दिल्लीच्या केंद्रांत होत आली. म्हणजे ज्या डॉक्टरांनी त्याला फौजी म्हणून तपासले, त्यांच्याच घरी तो मुलकी उमेदवार म्हणून गेला. रेडिओवर बोलण्याचा परवाना आणखी वेगळा, आणि त्या वेळी तो विमानखाते नव्हे, तर दूरसंचार खाते देत असे.

"मामी, म्हणजे वीस वर्षं मी रेडिओवर बोललो, ते बिनपरवान्याचं!" भाचा म्हणाला.

"मग आता परवाना मिळेपर्यंत गप्प बस आणि आधी तो चिवडा संपव," आमच्या सौभाग्यवतींनी निकाल दिला.

तसे पाहिले तर फौजी हात मुलकी विमानावर येणे ही आजची गोष्ट नव्हे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूला उतरले, ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण तेच टपाल पुढे मद्रासकडे नेणारा नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश वायुदलातून बाहेर पडलेला वैमानिक होता, आणि टपालसेवेची कल्पना घेऊन टाटांकडे आला होता तोच. आपल्या देशातल्या विमान कंपनीच्या पाळण्याची एक दोरी अशी फौजी हातात होती.

हे सारे मी भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग घरातली मंडळी निजल्यावर, अंगणातला आकाशकंदील मालवता मालवता तो म्हणाला, "मामा, परीक्षेचा राग नाही येत. पण प्रत्येक टेबलाशी कोणीतरी विचारतं, तुम्ही कोण? वीस वर्षांनी हा प्रश्न जड जातो."

मी काहीच बोललो नाही. कारण हाच प्रश्न मी स्वतः एका फौजी माणसाला विचारला होता.

ती 1986 सालची गोष्ट. मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होतो. मायक्रोमीटर आणि गो-नोगो गेज यांच्यावर आमचा संसार. मेकॅनिकच्या काही जागा भरायच्या होत्या आणि निवडीच्या टेबलाशी मीही बसलो होतो. सैन्यातून सुटून आलेला एक सातारकडचा माणूस पुढे आला. पंधरा वर्षे फौजेच्या ट्रकांची इंजिने उघडलेली. हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेले. त्याच्याजवळ डिस्चार्ज बुक होते, पण आय.टी.आय.चा दाखला नव्हता. मी बुक परत सरकवले आणि म्हणालो, "दाखला घेऊन या."

तो म्हणाला, "साहेब, इंजिन द्या. उघडून दाखवतो."

शंभर पावलांवर शॉपमध्ये इंजिन पडलेले होते. मी ते दिले नाही. रांग मोठी होती आणि जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

पुढे दहाएक वर्षांनी चाकणच्या रस्त्यावर माझी स्कूटर बंद पडली. ढकलत ढकलत एका पत्र्याच्या गॅरेजपर्यंत नेली, तर समोर तोच! त्याने मला ओळखले, हे मला कळले. अर्ध्या तासात त्याने स्कूटर चालू केली, वाजवी पैसे घेतले, आणि मी निघणार तोच म्हणाला, "साहेब, एक चक्कर मारून बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

ही हकीगत मी त्या रात्री भाच्याला सांगितली. घरात आजवर कोणाला सांगितली नव्हती. मग म्हणालो, "तुझ्यापुढे पेपर ठेवतात, म्हणजे इंजिन आणून देतात. कौशल्य बघायला मागणं हा अपमान नव्हे. न बघताच माणसाला परत पाठवणं, हा अपमान. तो मी केला होता."

भाचा पास झाला. मग नव्या विमानाचे शिक्षण झाले. जमिनीला खिळलेल्या नकली कॉकपिटात बसून इंजिने बंद पडण्याचे आणि आगी लागण्याचे प्रसंग त्याने निस्तरले. चव्वेचाळीसाव्या वर्षी तो सहवैमानिक झाला, आणि डाव्या बाजूच्या आसनावर कॅप्टन होता एकतीस वर्षांचा! "त्याला सर म्हणायला जड गेलं का?" मी विचारले. तो म्हणाला, "नाही. जड गेलं ते निराळंच. फौजेत कामगिरी फत्ते करून यायचं, हे अंगात भिनलेलं. इथं धावपट्टी समोर दिसत असतानाही काही बिनसलं, तर पुन्हा वर उठायचं. उशीर होतो, प्रवासी कुरकुरतात, पण तीच इथली फत्ते."

हे बोलणे मला पूर्णपणे कळले ते 7 ऑगस्ट 2020 च्या रात्री. दुबईहून आलेले विमान कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पावसात पुढे निघून गेले आणि खाली कोसळले. 21 माणसे गेली. दोन्ही वैमानिक त्यांत होते. कॅप्टन दीपक साठे नागपूरच्या फौजी घरातले, वायुदलातले नामांकित चाचणी वैमानिक. 2003 मध्ये निवृत्त होऊन मुलकी विमानांवर आलेले. माझ्या भाच्याच्या वाटेने आधी चालून गेलेला माणूस. ताईने रात्री फोन लावला. भाचा मुंबईला घरीच होता. "मी आहे गं," एवढेच तो म्हणाला, आणि पुढे कितीतरी वेळ दोघेही फोनवर नुसतीच होती.

पुढल्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले. शेजारच्या वैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे पुन्हा वर उठा, असे म्हटले होते. तसे झाले नाही, आणि त्यानेही विमान आपल्या हाती घेतले नाही, असे त्यात लिहिले होते. व्यवस्थेतल्या उणिवाही अहवालाने सांगितल्या. दहा हजार तासांवर आकाशात काढलेल्या माणसाच्या अखेरच्या क्षणांचा निवाडा आपण आरामखुर्चीत बसून करू नये. भाच्यानेही तो केला नाही. त्याने त्यातून आपल्यापुरते काय घेतले, ते मला नंतर कळले. आता तो स्वतः कॅप्टन आहे. फेरी सुरू होण्यापूर्वी शेजारी बसलेल्या तरुणाला तो दर वेळी सांगतो, "मी चुकतोय असं वाटलं, तर मोठ्यानं बोल. माझ्या तासांकडे बघू नकोस. आणि मी ऐकलं नाही, तर विमान हातात घे."

येत्या लक्ष्मीपूजनाला त्याची ड्यूटी आहे. रात्रीचे विमान घेऊन तो पुण्याला उतरेल. लोहगावची धावपट्टी वायुदलाचीच, तेव्हा उतरणे जुन्या घरीच होईल. ताई म्हणते, फराळ एक दिवस थांबेल.

आणि मी? यंदा गणपतीचा प्रसाद घेऊन चाकणला गेलो होतो. विमानतळ येणार, येणार म्हणून वर्षानुवर्षे गाजलेले चाकण. ती योजना पुढे पुरंदरकडे वळली, पण कारखाने मात्र आले. कंटेनरच्या रांगांतून वाट काढीत ते गॅरेज शोधले. आता मुलगा चालवतो; म्हातारा बाजेवर बसून नजर ठेवतो. मी प्रसाद त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हांला इंजिन द्यायला हवं होतं."

त्याने मोदक कपाळाला लावला. क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "रांग मोठी होती, साहेब."