नव्याचे नऊ दिवस आणि वीस रुपयांचे पाकीट

आमच्या वसतिगृहात दर शनिवारी संध्याकाळी एक छोटेखानी सोहळा होतो. टिळकवाडीच्या बाजूच्या मोठ्या सुपरमार्केटातून कोणीतरी एक पाकीट घेऊन येतो आणि ते पाच-सहाजणांत फोडले जाते. अट एकच: पाकीट नवे असले पाहिजे. मागच्या शनिवारची चव या शनिवारी चालत नाही. आणि पाकिटावर सोनेरी अक्षरांत ‘लिमिटेड एडिशन’ असे छापलेले असेल तर आणणाऱ्याचा भाव त्या दिवसापुरता वाढतो. माझा खोलीतला सोबती गोकाकचा. पहिला घास त्याचा. आम्ही विचारायचे, “ह्यांग ऐती?” आणि तो डोळे मिटून, बराच वेळ चावून, न्यायमूर्तीच्या गांभीर्याने निकाल द्यायचा, “चलो ऐती.” निकाल बहुधा हाच असतो. एकदा मात्र कलिंगडाच्या चवीची बिस्किटे आली होती, तेव्हा तो उठून सरळ पाणी प्यायला गेला.

या प्रकाराची वार्ता आमच्या एका सरांच्या कानी गेली आणि त्यांनी तासाला आमचा यथेच्छ समाचार घेतला. हल्लीची मुले अन्न खात नाहीत, जाहिरात खातात, असा एकूण सूर होता. सरांविषयी मला आदर आहे. परंतु हे म्हणणे मला अर्धेच पटते. नवे म्हणून नाक मुरडायचे ठरवले असते तर आपल्या स्वयंपाकघरात आज उरले काय असते? बटाटा ही दक्षिण अमेरिकेतली वस्तू आणि ‘बटाटा’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतलेला. मिरचीही त्याच वाटेने आली. सोळाव्या शतकाच्या आधी ती या देशात कोणाला ठाऊक नव्हती. कोणा तरी धीट माणसाने ती पहिल्यांदा चावली असेल, डोळ्यांतून पाणी काढले असेल आणि तरीही दुसऱ्यांदा चावली असेल. त्याच्या त्या हौसेवाचून आज ब्याडगीची मिरची नसती आणि आपल्या आमटीला रंगही नसता. तेव्हा, सर, नवे चाखून पाहण्याची हौस हा काही दुर्गुण नव्हे. पाकिटात जे नवे म्हणून मिळते ते खरोखर किती नवे असते, हा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि तो आम्ही शनिवारच्या मंडळींनी कधी विचारला नव्हता.

तो विचारण्याची पाळी एका पावसाळी संध्याकाळी आली. वीज गेली होती, करण्यासारखे काही नव्हते, म्हणून मेणबत्तीच्या उजेडात आम्ही पाकिटाची मागची बाजू वाचायला घेतली. आपल्याकडच्या नियमानुसार घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त ते पहिले. आमच्या हातात चार वेगवेगळ्या चवींची रिकामी पाकिटे होती (आम्ही ती भिंतीवर चिकटवत असू). चारही पाकिटांवर पहिला बटाटा, दुसरे खाद्यतेल. पुढे मसाला, त्यात मीठ, साखर, कांद्याची पूड, टोमॅटोची पूड, आणि मग 627 व 631 असे आकडे. रसायनशास्त्राच्या मित्राने सांगितले की हे चव खुलवणारे पदार्थ. विष नव्हे, कायद्याने मान्य असलेलेच. चारही पाकिटांत ते होते. फरक होता तो शेवटच्या एक-दोन पुडींचा. म्हणजे वर्षभर आम्ही एकच चकती खात होतो. तिच्या अंगावरची पावडर तेवढी बदलत होती.

चकती एकच असावी याची काळजी मात्र फार कसोशीने घेतली जाते. तळल्यावर काळा पडू नये म्हणून साखर कमी असलेला, पाणी कमी असलेला खास वाणाचा बटाटा लागतो. अशाच एका वाणावरून 2019 साली पेप्सिको कंपनीने गुजरातेतल्या काही शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभर ओरड झाली तेव्हा त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते मागे घेतले. पावडर दर तीन महिन्यांनी बदलली तरी चालते, बटाट्याने मात्र बदलायचे नाही!

मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे हिशेब केल्यावाचून राहवेना. पाकिटावर वजन 40 ग्रॅम, किंमत 20 रुपये. म्हणजे किलोला 500. त्या आठवड्यात रविवार पेठेत बटाटा 30 रुपये किलो होता. एक किलो चकत्यांना साडेतीन-चार किलो बटाटा लागतो असे धरले, तरी बटाट्याचे फार तर 120 रुपये होतात. बाकीच्यात तेल, इंधन, मजुरी, वाहतूक, दुकानदाराचा नफा आले, हे मला कळते. कोणी फुकट धंदा करावा असे मी म्हणत नाही. पाकीट फुगलेले असते ते नायट्रोजनमुळे, आणि तेल खवट होऊ नये व चकत्यांचा चुरा होऊ नये म्हणून तो लागतोच. पण 500 रुपयांतला बराचसा भाग त्या सोनेरी अक्षरांचा आहे, हेही मला कळते.

या ‘लिमिटेड’ शब्दाची खरी चैन जपानात आहे. तेथे 2000 सालापासून किटकॅट चॉकलेटच्या तीनशेहून अधिक चवी निघाल्या. त्यांच्याकडे ‘गेन्तेई’ म्हणजे ‘मर्यादित’ या शब्दाचे दोन अर्थ चालतात: ठरावीक काळापुरते आणि ठरावीक मुलखापुरते. शिझुओकाला जावे तर तिथल्या वासाबीची चव, उजीला जावे तर तिथल्या चहाची. त्या नावाचा उच्चार ‘किट्टो कात्सु’, म्हणजे ‘नक्की जिंकशील’, या शब्दांच्या जवळ जातो म्हणून परीक्षेला निघालेल्या मुलांच्या हातावर घरचे लोक ते ठेवतात. (आमच्या परीक्षेच्या वेळी दही-साखर मिळते, तिचा निकालावर काय परिणाम होतो ते सर्वश्रुत आहे.) धंदा तोही धंदाच, परंतु निदान कुठल्या मातीत काय पिकते एवढे तरी खाणाऱ्याला आठवते. आमच्या दुकानात मेक्सिकोची, कोरियाची, इटलीची चव मिळते. खानापूरची मिळत नाही.

खानापूरचे नाव सहज आलेले नाही. माझी आत्या त्या तालुक्यात राहते. तिच्या बचत गटातल्या बायका शेंगदाण्याची चटणी, चकल्या, नाचणीचे पापड करतात. गटाने अन्नसुरक्षेची नोंदणी केली, चौदा आकडी क्रमांक घेतला, पाकिटावर वजन, तारीख, किंमत सगळे छापले आणि मोठ्या खटपटीने शहरातल्या एका मोठ्या दुकानात माल ठेवला. दोन महिन्यांनी निम्म्याहून अधिक माल परत आला. मी सुट्टीत गेलो तेव्हा ती पाकिटे माजघरात रचलेली होती. आत्या म्हणाली, “खालच्या फळीवर ठेवली होती रे, फिनेलच्या बाटल्यांच्या शेजारी. वाकून कोण बघतंय?”

मी दुकानाचे नाव विचारले. ते आमचेच, शनिवारचे दुकान होते. त्या दोन महिन्यांत मी तिथे आठ वेळा तरी गेलो असेन. डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर काय नवे आले ते पाहिले आणि परत आलो. आत्याचे पाकीट मी पाहिले नाही. हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. येथे लिहितो आहे, ती हा अंक वाचणार नाही या भरवशावर.

डोळ्यांच्या उंचीची फळी फुकट मिळत नसते, हे आम्हाला विपणनाच्या पेपरात शिकवतात. पाचपन्नास हजारांचा धंदा करणाऱ्या बायकांनी ती कुठून मिळवायची? म्हणून प्राचार्यांना आणि कँटीनच्या चालकांना माझी एक विनंती आहे. कँटीनच्या काउंटरवर, डोळ्यांच्या उंचीला, एक फळी तालुक्यातल्या अशा गटांसाठी ठेवावी. दर पंधरवड्याला माल बदलावा. गोकाकचा करदंट येऊ दे, घरगुती सांडगे येऊ देत, पावसाळ्यात अळूवड्या येऊ देत. नव्याची हौस आम्हाला आहेच; ती तिथे भागवू. आवडले नाही तर आवडले नाही म्हणून सांगू; बचत गटाचे आहे म्हणून खोटे ‘चलो ऐती’ कोणी म्हणू नये.

आम्ही एक प्रयोग आधीच करून पाहिला आहे. गेल्या एप्रिलात आत्याने कच्च्या करवंदांचे लोणचे केले होते. त्याच्या तीस बरण्या मी वसतिगृहावर आणल्या आणि प्रत्येकीवर स्केचपेनने लिहिले, ‘फक्त एप्रिलपुरते’. खाली कन्नडमध्ये सोबत्याने लिहिले. हीच ती सोनेरी अक्षरांची युक्ती, हे मनात टोचत होते. पण लिहिलेले खोटे नव्हते. मे उजाडला की करवंदे पिकतात, मग लोणचे होत नाही. दोन दिवसांत बरण्या संपल्या. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर तिघे-चौघे पुन्हा मागायला आले, म्हणून मी आत्याला फोन केला.

“आता कुठलं रे?” ती म्हणाली. “संपलं. आता पुढल्या चैत्रात.”