औषधाच्या पुडीबरोबर दोन शब्दही द्या!

‘औषधावाचून खोकला गेला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. औषध घेऊनही न जाणाऱ्या खोकल्यासाठी मात्र म्हण नाही. त्यासाठी उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या स्थानकाबाहेर रात्री उभे राहावे. लोकलमधून उतरलेला कामगार डॉक्टरकडे जात नाही. डॉक्टरची फी आणि बुडणारी रोजी त्याला परवडत नाही. तो औषधाच्या दुकानी थांबतो, ‘खोकल्याचे काहीतरी द्या’ म्हणतो आणि बाटली घेऊन घरी जातो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा तेथेच येतो. हा खोकला क्षयाचा असेल काय, हा प्रश्न विचारण्याची पहिली संधी डॉक्टरला नव्हे, त्या दुकानदाराला मिळालेली असते!

कायद्याने हे केव्हाच ओळखले आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्याच हातून मिळावे, हे १९४८ च्या फार्मसी कायद्याचे सूत्र आहे. क्षयावरील व अनेक प्रतिजैविक औषधांची विक्री स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन १ मार्च २०१४ पासून आले. रुग्णाला औषध समजावून सांगणे हे २०१५ च्या नियमांनी फार्मासिस्टचे कर्तव्य ठरविले. २०१८ साली क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळविण्याची जबाबदारी डॉक्टरांबरोबर औषधविक्रेत्यांवरही आली.

परंतु कायदा कागदावर आणि सनद भिंतीवरच्या चौकटीत, असे चित्र किती दुकानांत दिसते! सनदेचा धनी भलतीकडे आणि गल्ल्यावर दहावी झालेला पोरगा! दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे. औषधाचे नाव सुवाच्य लिहावे, असा नियम २०१६ मध्ये होऊनही कित्येक चिठ्ठ्या वाचण्यासाठी ज्योतिषीच हवा. आणि फार्मासिस्टने शंका विचारलीच, तर काही डॉक्टरांना तो आपला अपमान वाटतो. फार्मासिस्टने डॉक्टर व्हावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दोघांनी एकमेकांशी बोलावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे अशक्य आहे काय? २०१४ साली मुंबईत महानगरपालिकेच्या सहकार्याने खाजगी डॉक्टर, प्रयोगशाळा आणि औषधांची दुकाने एका साखळीत जोडली गेली. डॉक्टरने दिलेल्या व्हाउचरवर रुग्णाला दुकानातून क्षयाची औषधे विनामूल्य मिळू लागली. मुंबईत जे घडले ते कल्याणच्या पलीकडे का घडू नये?

उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, डॉक्टरांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या संघटना यांनी एका टेबलाभोवती बसावे. दोन आठवडे खोकणाऱ्यास आणखी एक बाटली न विकता थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी. तपासणीत काय निघाले आणि रुग्णाने पुढे काय करावयाचे, हे आरोग्यखात्याने त्या दुकानास कळवावे. अर्धवट सोडलेला उपचार क्षयाला औषधांनाही न जुमानण्याचे बळ देतो. म्हणून गोळ्या न्यायला न आलेल्या रुग्णाची बातमी दुकानदाराने त्याच आठवड्यात डॉक्टरला द्यावी. यास फारसा पैसा लागत नाही; माणुसकी आणि शिस्त लागते.

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत औषधे तयार होतात. ती तयार करणाऱ्या कामगारालाच ती कशी घ्यावी हे सांगणारा कोणी नसावा, ही आपणा सर्वांस लाज आणणारी गोष्ट आहे!