पक्षाघात आणि दूरचिकित्सा

‘अर्धांगवायू’ हे नाव आपल्याकडे जुने आहे. परंतु हा विकार वायूचा नसून मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा होय. बहुतेक रुग्णांत मेंदूतील एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते. काहींत ती फुटते. बाह्य लक्षणे दोहोंची सारखीच : तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, वाचा अडखळते. उपचार मात्र परस्परविरोधी. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या प्रकारात साडेचार तासांच्या आत दिल्यास उपकारक ठरते. दुसऱ्यात तेच प्राणघातक. हा भेद सी. टी. चित्रावाचून निश्चित होत नाही. शिवाय मोठी वाहिनी बंद पडली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

मेंदूविकारांचे तज्ज्ञ बंगळूरसारख्या महानगरांत एकवटले आहेत. चामराजनगराहून तेथवरचा रस्ता सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांचा. रुग्ण पोहोचेतो औषधाची वेळ टळून जाण्याचा संभव मोठा. याच चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय २००२ साली उपग्रहाच्या द्वारे बंगळूरच्या नारायण हृदयालयाशी जोडले गेले होते. ती सोय हृद्रोगासाठी होती. पक्षाघातासाठी तिची निकड तितकीच आहे.

परंतु तज्ज्ञाची दृष्टी दूर नेता आली, तरी यंत्र आणि औषध नेता येत नाही. हिमाचल प्रदेशात २०१४ साली आरंभिलेल्या योजनेचे मर्म येथेच आहे. ज्या रुग्णालयांत सी. टी. यंत्र होते पण मेंदूविकारतज्ज्ञ नव्हता, ती निवडली गेली. औषध शासनाने विनामूल्य पुरविले आणि सल्ल्यास साधा स्मार्टफोन पुरेसा झाला. औषधाने रक्तस्रावाचा धोका असल्याने एकटा वैद्यकीय अधिकारी कचरतो, व ते स्वाभाविकच आहे. दूरचा तज्ज्ञ त्याला माहितीपेक्षाही निर्णयाच्या जबाबदारीत सोबत देतो.

कर्नाटकात २०२२ पासून निमहान्स व राज्यशासन यांच्या मेंदू-आरोग्य उपक्रमात प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांना हे विकार ओळखण्याचे शिक्षण दिले जाते. कोलार व चिक्कबळ्ळापूर येथून आरंभ झाला. हा क्रम उचित होय. मोठ्या पडद्यांवर खर्च करण्यापूर्वी रात्रीही चालणारे सी. टी. यंत्र आणि कपाटात शिल्लक असलेले औषध यांची तरतूद व्हावयास हवी.

एवढे सिद्ध असूनही तज्ज्ञाचा पहिला प्रश्न उरतोच : रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला? घड्याळ तेथून मोजावयाचे असते, आणि ती वेळ रुग्णालयाला नव्हे, घरच्यांनाच ठाऊक असते.